परिस्थितीजन्य शिडी

कोर्टकाकांना आयुष्याकडून आता फार काही नको होतं. दुपारचं जेवण झालं की पंख्याखाली दीड तास आडवं व्हायला मिळावं आणि त्या दीड तासात दारावरची घंटी वाजू नये, एवढंच. लोक देवाकडे काय काय मागतात. काकांचं मागणं इतकं लहान होतं की ते बहुधा वरपर्यंत पोचतच नसावं. वाटेत कुठेतरी मोठ्या मागण्यांच्या ढिगाखाली सापडत असावं. कारण घंटी वाजायचीच.

त्या मंगळवारीही वाजली. दारात सेक्रेटरी उभे होते, चेहरा उतरलेला, आवाज खोल.

"काका, गेली."

काका उठून दारापर्यंत आले होते, पण अजून पुरते जागे झाले नव्हते. आणि "गेली" म्हटल्यावर त्या वयाचा माणूस जे विचारतो तेच त्यांनी विचारलं. "कधी? आजारी होत्या का?"

"काका, शिडी. आपली बिल्डिंगची शिडी. चोरीला गेली."

आता बिल्डिंगीची शिडी म्हणजे काही सोन्याची नव्हे. लोखंडी पाइपाची, बारा पायऱ्यांची, एके काळी हिरवी असलेली आणि आता नेमकी कोणत्या रंगाची आहे यावर एकमत न होणारी. पण सोळा बिऱ्हाडांत मिळून ती एकच होती. चार मजली घराला लिफ्ट नाही, गच्चीवर पाण्याची टाकी, जिन्यात उंचावर दिवे. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला म्हणून सेक्रेटरी शिडी आणायला जिन्याखालच्या कोनाड्यात गेले, तर कोनाडा रिकामा. तिथे फक्त एक झुरळ होतं आणि तेही निघण्याच्या तयारीत होतं.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" काकांनी विचारलं. ते पंख्याकडे बघत होते. पंखाही त्यांच्याकडे बघत होता.

"वा! कोर्टातला माणूस घरात असताना आम्ही कुठे जायचं?"

इथे एक सांगायला हवं. काका कोर्टात होते हे खरं, पण ते तिथे स्टेनो होते. एकतीस वर्षं न्यायाधीश बोलत होते आणि काका उतरवून घेत होते. मग ते टाइप करत होते, चार प्रतींत. त्यांच्या बोटांखालून केवढाले खटले गेले, पण ते पाणी नळातून जातं तसे. नळाला काही तहान नसते. काकांची ख्याती अशी की ते एकही शब्द गाळत नसत, आणि एकाही शब्दाचा विचार करत नसत. विचार करायला लागलं की बोटं मागे पडतात. हे बिल्डिंगीला समजावून सांगण्याचा त्यांनी पहिली पाच वर्षं प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. एकतीस वर्षं दवाखान्याच्या दारात चपला सांभाळणाऱ्या माणसाकडेही लोक शेवटी खोकल्याचं औषध मागायला लागतातच.

"तुम्ही फक्त चौकशी करा आणि तक्रार लिहून द्या," सेक्रेटरी म्हणाले. "खाली सगळे जमलेत."

काकूंनी आतून विचारलं, "कोण आहे हो?"

"झोप मोडणारे," काका पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

खाली पार्किंगात सभा भरली होती. भिंतीलगत एक बाक होता. तीन आठवड्यांपूर्वीच्या वार्षिक सभेपासून तो तिथे होता, वरून चौपदरी सतरंजी, तिचे काठ पार जमिनीपर्यंत आलेले. कुठून आला हे कुणी विचारलं नव्हतं. फुकट मिळालेल्या बाकाचं कूळगोत्र कोण काढतो? त्या बाकावर सेक्रेटरी, खजिनदार, तळमजल्यावरच्या भूगोलबाई आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपीमामा ओळीने बसले. काकांना मधली जागा मिळाली. ती वाईट होती. त्या बाकावर बसलं की काकांना फुटाफुटावर काहीतरी टोचायचं. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कमरेची नस दबली आहे, एकतीस वर्षं बसून काम केल्यावर दुसरं काय होणार. काका तेव्हापासून गरम पाण्याची पिशवी घेत होते. ती पिशवी नशिबातच होती म्हणायची.

मावशींना बोलावलं गेलं.

मावशी म्हणजे जिना झाडणाऱ्या मावशी. चौदा वर्षं रोज सकाळी चौथ्या मजल्यापासून खाली उतरत येणाऱ्या. झाडता झाडता त्या गुणगुणायच्या. शब्द त्यांचेच असावेत, कारण ते रोज थोडे बदलायचे.

पायरी गं पायरी, रोज झाडते मी तुला,
वर जाणारं गं जातं, धूळ राहते गं मला.

काकांना ते झोपेत ऐकू यायचं. सकाळची सातची झोप आणि ती ओळ, दोन्ही एकाच चादरीत असल्यासारख्या. पण त्यांनी त्या ओळीचाही कधी विचार केला नव्हता.

"शिडी कुठे आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. सरळ. तोफ डागल्यासारखं.

मावशींनी बाकावरच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू दाबत, आणि म्हणाल्या, "साहेब, आधी आपल्या बुडाखाली बघा, मग माझ्याकडे या."

मग एकदम सगळं फुटलं.

"ऐकलंत? ऐकलंत हिची भाषा?"

"आपल्या बुडाखाली काय जळतंय ते बघा म्हणते! आपल्याला! कमिटीला!"

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच," शिंपीमामा म्हणाले. त्यांना म्हणी वापरायची फार हौस होती. माप चुकलं तरी ते म्हण घालून शिवून टाकायचे.

सेक्रेटरी उभे राहिले. "उद्यापासून येऊ नकोस. चौकीत तक्रार देतोय आम्ही."

मावशींचं हसू गेलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, नीट, काड्या वर करून. "एकदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "ज्याला ऐकायचंय त्याला तेवढं पुरतं." आणि त्या निघून गेल्या.

काकांनी हे सगळं वहीत उतरवलं. एकही शब्द न गाळता. 'साक्षीदार हसते' हेसुद्धा कंसात लिहिलं. सवय.

"आता पुरावा?" भूगोलबाईंनी विचारलं. त्या एके काळी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि अजूनही त्यांना प्रत्येक गोष्टीची उत्तर दिशा कुठे हे माहीत असल्याशिवाय चैन पडत नसे. "बघितलं तर कुणीच नाही."

तेव्हा काकांच्या तोंडून ते शब्द गेले. त्यांना बोलायचं नव्हतं; पण तीच तीच वाक्यं एकतीस वर्षं बोटांतून गेली की कधी तरी तोंडातूनही बाहेर येतात. "प्रत्यक्ष साक्षीदार नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्यावर जावं लागतं. एकेक परिस्थिती म्हणजे एकेक कडी. सगळ्या कड्या जुळून साखळी पूर्ण झाली पाहिजे."

"परिस्थितीजन्य," खजिनदार म्हणाले. त्यांनी तो शब्द गोळीसारखा चघळला. "बरोबर आहे. तिची परिस्थिती बघा ना! नवरा घरी बसून, घराचे पत्रे गळतात, दोन पोरी. याहून मोठा परिस्थितीजन्य पुरावा काय हवा?"

"तसा नव्हे हो त्याचा अर्थ," काका म्हणाले.

"मग कसा?"

काका थांबले. त्यांना अर्थ माहीत होता असं त्यांना वाटत होतं. शब्द तर हजार वेळा टाइप केला होता. पण 'परिस्थिती' म्हणजे घडलेल्या गोष्टी, पैशांची ओढाताण नव्हे, हे समजावून सांगावं, तर पंख्याखालची उरलेली वीस मिनिटंही जाणार. "असू द्या," ते म्हणाले. त्या 'असू द्या'ची किंमत पुढे कळायची होती.

मग कड्या पडू लागल्या. आभाळ फाटल्यावर पडतं तसं सगळीकडून. पहिली कडी: मावशींचे पत्रे गळतात, म्हणजे त्यांना शिडीची गरज. दुसरी: गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. (शिडी गच्चीत नव्हतीच, पण कडी ती कडी.) तिसरी: मागच्या गुरुवारी शिंपीमामांनी त्यांना चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब घेऊन जाताना पाहिलं होतं.

"ती जळमटं काढायची काठी होती," चौकशीचा वृत्तान्त ऐकून काकू म्हणाल्या. "माझ्याकडूनच चादर मागून घेतली, घरी जाताना कुणाच्या अंगावर जळमटं सांडू नयेत म्हणून."

"कडी कमकुवत आहे," काकांनी मान्य केलं.

"तुमची साखळी घाला चुलीत. त्या बाईने चौदा वर्षांत माझी पडलेली पीनसुद्धा दाराच्या फटीतून आत सरकवली आहे. बारा पायऱ्यांची शिडी काय पदरात बांधून नेली?"

"मी फक्त लिहून घेतोय गं."

"हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही नेहमी फक्त लिहूनच घेता."

त्यानंतर चहा आला, पण तो ठेवल्याचा आवाज जरा मोठा होता. काका चहा प्यायले. नवरा-बायकोत बेचाळीस वर्षांनी भांडण होत नाही. कपबशी बोलते, बाकीचे ऐकतात.

बुधवारी भूगोलबाईंनी फरशीवर ओरखडे शोधले. कोनाड्यापासून निघून पार्किंगभर गेलेले दोन समांतर ओरखडे, जड वस्तू ओढत नेल्याचे. त्यांनी कागदावर नकाशा काढला, दिशा, प्रमाण, सगळं. ओरखडे भिंतीलगतच्या बाकापाशी जाऊन संपत होते.

"म्हणजे इथून उचलली," त्यांनी बाकावर बसून, श्वास सावरत निष्कर्ष काढला. "इथे टेम्पो उभा असणार. इथून पुढे माग नाही."

"बरोबर," सेक्रेटरी शेजारी बसत म्हणाले. "इथेच सगळं संपतं."

काकांना पुन्हा टोचलं. ते जरा सरकले. पुन्हा टोचलं.

गुरुवारी चौकी. हवालदारांच्या टेबलावर एक फाइल, एक चहाचा ग्लास आणि एक अशी माशी होती की जी तिथे नोकरीलाच असावी. हवालदारांचा चेहरा काकांपेक्षाही दमलेला होता. दोन दमलेल्या माणसांना एकमेकांबद्दल चटकन आपुलकी वाटते.

"काय गेलं?"

"शिडी."

"शिडी घेऊन चोर गेला, का शिडीवरून चोर आला?"

"घेऊन गेला."

"चोरीच्या वेळी शिडी उभी होती का आडवी?"

"उभी," काका म्हणाले. "शिडी आडवी कशाला असेल?"

"आपल्याला लिहावं लागतं," हवालदार म्हणाले आणि त्यांनी 'उभी' असं लिहिलं. "संशयित?"

खजिनदार बरोबर आले होते. ते पुढे झाले. "जिना झाडणारी. परिस्थितीजन्य पुरावा आहे. परिस्थिती फार वाईट आहे तिची."

काकांना वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. हवालदार हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली, माशीला वाट दिली आणि म्हणाले, "हो. आमच्याकडे तोच पुरावा जास्त येतो." मग काकांकडे वळून, "शिडी कोण नेतं, कधी परत करतं, याची वही असेल ना? सगळ्या कागदांच्या चार चार प्रती टाइप करून आणा. सोमवारी मी तिच्या वस्तीत जातो, बाईचा जबाब घेतो."

परतताना काकांना कळलं की बातमी त्यांच्या आधीच गल्लीत पोचली होती. शेजारच्या तिन्ही इमारतींनी मावशींना निरोप दिला होता: प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. एका दारात माणूस चोर ठरला की सगळ्या दारांच्या कड्या आपोआप लागतात. सोमवारी हवालदार त्यांच्या वस्तीत, त्यांच्या पोरींसमोर गेले की त्या कड्या पुन्हा कधी निघायच्या नव्हत्या. काकांना हे समजत होतं. ते समजत असताना ते जिना चढत होते, आणि जिन्यात दोन दिवसांची धूळ होती, आणि गुणगुणणं नव्हतं.

मग वही उघडली.

शिडीची वही सेक्रेटरींच्या घरी, दूरध्वनीच्या बिलांखाली होती. रकाने चार: तारीख, नाव, कारण, परत. शेवटची नोंद वार्षिक सभेच्या आदल्या दिवशीची, शनिवारची. अक्षर वळणदार, कोर्टातलं. 'पंखा पुसण्यासाठी.' नाव काकांचं. आणि 'परत' हा रकाना रिकामा. इतका रिकामा की त्याच्याकडे बघवेना.

"मी त्याच संध्याकाळी ठेवली परत," काका म्हणाले. "सही राहिली असेल."

"हो हो," सेक्रेटरी म्हणाले.

"नक्कीच," भूगोलबाई म्हणाल्या.

"आम्ही तुमच्यावर संशय घेतच नाही," खजिनदार म्हणाले, आणि हे वाक्य ज्याच्याबद्दल बोललं जातं त्या माणसाचं त्या दिवसापुरतं काही खरं नसतं. "पण ठेवताना पाहिलं कुणी?"

"नाही."

"सभेच्या रविवारी, सभा आटोपल्यावर दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"ही होती. पण तीही झोपली होती."

शिंपीमामांनी सुस्कारा टाकला. "चोराच्या मनात चांदणं," ते म्हणाले, मग लक्षात येऊन, "म्हणजे सहज आपलं. म्हण आठवली."

"शिडी शेवटी यांच्या हातात," भूगोलबाई बोटांवर मोजू लागल्या. "परत केल्याची नोंद नाही. पाहिलं कुणी नाही. चौकशी यांनीच हातात घेतली, बोट दुसऱ्याकडे दाखवलं." त्या थांबल्या, जराशा ओशाळल्या, पण वाक्य अर्धवट सोडायची शिक्षकांना सवय नसते. "काका, तुमच्याच भाषेत, साखळी पूर्ण होते."

एकतीस वर्षांत काकांनी ते वाक्य किती वेळा टाइप केलं असेल? साखळी पूर्ण होते, पूर्णविराम, नवा परिच्छेद. त्यांना ते नेहमी सुबक वाटायचं, पान संपत आल्याची खूण. ते आतून, साखळीच्या मधोमध उभं राहून कसं ऐकू येतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. एकेक कडी खरी होती. आणि तरीही मी नेली नव्हती, हे एवढंच म्हणायला त्यांच्याकडे होतं, आणि ते म्हणताना आपला आवाज अगदी चोरासारखा येतो हेही त्यांच्या लक्षात आलं.

"घर तपासा," काका म्हणाले. स्वाभिमान दुखावला की माणूस भलतं बोलतो.

त्यांना वाटलं, लोक म्हणतील, छे छे, काहीतरीच काय! लोक म्हणाले, "तुम्हीच म्हणताय म्हणून हं."

चार माणसं दोन खोल्यांत बारा फुटी शिडी शोधू लागली. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाटामागे पाहिलं. शिंपीमामांनी खिशातून टेप काढून न्हाणीघराची लांबी मोजली आणि म्हणाले, "इथे मावायची नाही, तिरकी ठेवली तरी." खजिनदारांनी टाइपरायटरचं झाकण उचललं. काकूंनी सगळं शांतपणे पाहिलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबा आणला, झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर धरला. "यातही बघा. मोहरीच्या वाटीत एखादी पायरी असेल."

मंडळी गेली. दार लागलं. काका खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, बघा, कळलं ना मावशींना कसं वाटलं असेल! काकू तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आवाज न करता. त्याने काकांना जास्त मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी प्रती टाइप करायला घेतल्या. काकांनी कार्बन लावले. काकूंनी काकांची चौकशीची मूळ वही हातात घेतली. टाइप केलेलं मूळ मजकुराशी ताडून बघायचं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पानावर बोट ठेवायचं, हा त्यांचा जुना रिवाज. काकांच्या नोकरीतले निम्मे खटले काकूंच्या आवाजात ताडले गेले होते.

काकू सपाट आवाजात वाचत होत्या. "प्रश्न, शिडी कुठे आहे. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह. साक्षीदार हसते, कंसात. साक्षीदार, साहेब, आधी आपल्या बुडाखाली बघा, मग माझ्याकडे या." त्या थांबल्या.

"पुढे."

"अहो, तुम्ही त्या वेळी कुठे बसला होतात?"

"कुठे म्हणजे? बाकावर."

"तो बाक कुठला?"

काकांचा हात नकळत कमरेकडे गेला, जिथे फुटाफुटावर नस दबत होती. एक इथे. एक फूट सोडून दुसरी. अशी नस कुठल्या शरीरशास्त्रात असते?

ते उठले. चष्मा टाइपरायटरवरच राहिला. चपला न घालता जिना उतरले, चार दिवसांच्या धुळीतून, आणि धुळीत त्यांची पावलं उमटत गेली. पार्किंगात ऊन आलं होतं. बाक भिंतीला टेकून गरिबासारखा उभा होता. काकांनी सतरंजीचा काठ धरला आणि हळूच, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा वर केला.

रंगाचे दोन रिकामे डबे. त्यांवर आडवी, शांत, लोखंडी, कधी काळची हिरवी. काकांनी पायऱ्या मोजल्या. बारा भरल्या. मग ते तिच्यावरच बसले, सतरंजीशिवाय. आता टोचत होतं ते बरोबर टोचत होतं.

काखेत कळसा म्हणतात; इथे तर गाव कळशावरच बसून कळसा शोधत होतं. वार्षिक सभेच्या सकाळी सेक्रेटरींनीच मावशींना वरून ओरडून सांगितलं होतं, खुर्च्या कमी पडतील, बसायला काहीतरी बघ. मावशींनी बघितलं. शिडी एकटीने ओढत आणली, डब्यांवर टाकली, सतरंजीची चौपदरी घडी घातली. आणि तीन आठवड्यांनी त्याच शिडीवर ओळीने बसून पाच शहाण्या माणसांनी शिडी कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा मावशींना हसू आलं. कुणालाही आलं असतं.

कमिटी पुन्हा जमली. या वेळी सगळे उभे राहिले.

"मग तिने सरळ सांगायचं ना!" सेक्रेटरी म्हणाले.

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "माझ्याकडे चार प्रती आहेत."

मग खजिनदारांनी ठराव मांडला की शिडीचा छडा लावल्याबद्दल कोर्टकाकांचं अभिनंदन करण्यात येत आहे, आणि तो एकमताने मंजूर झाला. माफी मागण्याचा ठराव मांडायचा राहिला, कारण पाण्याची वेळ झाली होती.

काकांनी चौकीत जाऊन तक्रार मागे घेतली. हवालदारांनी विचारलं, "आडवी होती ना?" काकांनी मान हलवली. हवालदारांनी 'उभी' खोडून 'आडवी' केलं. मग काकांनी टाइपरायटर पुढे ओढला आणि बिल्डिंगीच्या कुणालाही न विचारता तीन पत्रं केली, शेजारच्या तीन इमारतींच्या नावाने: शिडी आमच्याच बाकाखाली होती, बाई निर्दोष आहेत, चूक आमची. ती तीन दारांत स्वतः नेऊन दिली. चौथं पत्र मावशींसाठी होतं. ते दोन पानी झालं. त्यात 'दिलगिरी' होती, 'गैरसमज' होता, 'सदर प्रकरणी' होतं.

सोमवारी सकाळी शेजारच्या इमारतीतून झाडूचा आवाज आला. गुणगुणणं नव्हतं, पण झाडू होता. काका पत्र घेऊन तिथला जिना चढू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मावशी वाकून झाडत होत्या.

"मावशी," काका खालच्या पायरीवर थांबले. दम लागला होता. "तुम्ही परत सांगितलं का नाही? एकदा तरी?"

मावशी झाडतच राहिल्या. "सेक्रेटरीसाहेब किती दिवस म्हणत होते, सफाईला कंपनी लावू. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, काढायला निमित्त पाहिजे. निमित्त कशाला मोडायचं लोकांचं?" झाडू एक पायरी खाली आला. "सभेच्या आदल्या शनिवारी तुम्ही शिडी कोनाड्यात ठेवलीत तेसुद्धा मी बघितलं होतं. सांगणार होते, कुणी विचारलं असतं तर."

काकांनी पत्र पुढे केलं.

"काय आहे?"

"लिहून आणलंय. टाइप करून."

मावशींनी दोन्ही पानं उलटून पाहिली, जाडी अजमावली, परत दिली. "वाचा."

काकांनी सुरुवात केली. सदर प्रकरणी दिनांक अमुक रोजी झालेल्या गैरसमजामुळे. चौथ्या ओळीवर ते अडखळले. एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं त्यांनी न अडखळता वाचली होती. ही स्वतःची होती. त्यांनी कागद दुमडला. खिशात ठेवला.

"चुकलं, मावशी," ते म्हणाले.

झाडू थांबला.

"ऐकलं," मावशी म्हणाल्या. "मला एकदा सांगितलेलं ऐकू येतं, काका. सरका आता, तुमच्या पायाखालची पायरी राहिलीय."